पंगत आणि चूल

(धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या आदल्या सायंकाळी केलेले भाषण)



उद्याच्या भोजनाची व्यवस्था माझ्याकडे सोपविण्यात आली, तेव्हा त्याविषयी दोन शब्द बोलावे अशीही आज्ञा झाली. स्वयंपाक्याने बोलावे थोडे व ढवळावे पुष्कळ हे बरे. पण आज्ञेपुढे इलाज नाही.

चारजणांनी मिळून अन्न शिजविणे ही नाटकाप्रमाणे एक कला होऊ शकते काय, असा प्रश्न पाश्चात्त्य देशांत मोठ्या गांभीर्याने विचारला गेला आहे. लंडन येथे 1962 साली अ‍ॅलिसन नोल्स या अमेरिकन कलावतीने प्रेक्षकांसमोर कोशिंबीर केली व ती सर्वांस वाढली. कलाकृती ती एवढीच. पुढे 1992 साली न्यू यॉर्क येथील एका चित्रदालनात रिरक्रित तिरवनिजा या थाई कलावंताने भात व रस्सा शिजवून येईल त्याला विनामूल्य जेवू घातले. आपल्याकडील वारकऱ्यास हे सांगितले तर तो हसेल. आषाढी पौर्णिमेस पंढरपुरानजीक गोपाळपुरी दिंड्या जमतात, काला होतो आणि एकमेकांच्या मुखी घास घालून वारीची सांगता होते. तेथे प्रेक्षक म्हणून कोणी उरतच नाही.

परंतु आपल्या महाराष्ट्रात अन्नाचा प्रयोग नेहमीच इतका गोड झालेला नाही. 1890 च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखे थोर लोक तेथे होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास स्पर्शही केला नाही. हा बेत डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा. त्यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली, आणि पुण्यात जे वादळ उठले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्या पुरुषासही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. गोपाळरावांचा स्वभाव खोडकर होता हे खरे, आणि लोकांना असे पेचात धरणे मला स्वतःला रुचत नाही. तथापि एका पेलाभर चहाने त्यांनी अख्ख्या शहरास आरसा दाखविला, हे नाकारता येत नाही.

याहून मला अनंत हरी गद्रे यांचा मार्ग अधिक भावतो. हे गृहस्थ नाटककार व पत्रकार. त्यांनी स्वातंत्र्यापूर्वी झुणका-भाकर सत्यनारायणाची चळवळ चालविली. पूजेस यजमान म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातीचे जोडपे बसावे, आणि प्रसाद शिऱ्याचा नव्हे तर झुणका-भाकरीचा असावा, अशी ती योजना. नाटककाराची नजर येथे दिसते. विधी ओळखीचाच ठेवला. पात्रे तेवढी बदलली आणि ताटातील पदार्थ बदलला. प्रसाद घेणाऱ्यास तो हाती घेताना स्वतःच्या मनाशी निवाडा करावा लागे.

आता जे सांगावयाचे ते माझ्या अंगावरचे आहे, म्हणून जरा जड जाते. काही वर्षांपूर्वी याच यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी आपल्याच लोकांच्या सणाच्या भोजनास मी गेलो होतो. एक वृद्ध बाई घरची कणीक मळून, ओल्या फडक्याने झाकून, डोक्यावरून घेऊन आली. कार्यकर्त्यांनी तिचे स्वागत केले, "आजी, बसा," असे म्हटले, आणि परात नेऊन मागच्या ओसरीत ठेवली. स्वयंपाक आचाऱ्याने आणलेल्या पिठाचा झाला. पंगत एकच बसली. आजी सर्वांच्या मांडीला मांडी लावून जेवली. तिला गोडही दोनदा वाढले. जाताना ती ओसरीत गेली आणि फडके न काढताच परात उचलून चालू लागली. कोणी कोणास एक अपशब्द बोलले नाही. परात मागे का गेली, हे तेथील प्रत्येकास ठाऊक होते. मलाही होते. मी वरण वाढून घेत होतो.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण ऐकलेला आहे. प्रभूच्या भोजनास एकत्र जमावे आणि एकाने उपाशी राहावे, दुसऱ्याने मात्र पिऊन मस्त व्हावे, याबद्दल तो त्यांची कडक कानउघाडणी करतो. त्या गावी उपाशी कोणी राहिले नाही. तरीही मला तो अध्याय त्या दिवसापासून सुखाने ऐकवत नाही. पंगतीत शेजारी बसविणे आपण शिकलो. दुसऱ्याच्या हातचे आपल्या भांड्यात येऊ देणे अजून आपल्याला अवघड जाते.

म्हणून उद्याचा बेत आचाऱ्यास दिलेला नाही. समितीत एका बंधूंनी सुचविले की नागपुरात 2018 साली विष्णू मनोहर यांनी तीन हजार किलो खिचडी एकाच कढईत केली, तसे काही भव्य आपणही करावे. ती खिचडी लोकांना वाटली गेली, ते उत्तमच झाले. पण तेथे हजारांनी पाहावयाचे असते आणि ढवळावयाचे काही थोड्यांनी. आपल्याला उलट हवे आहे.

रोडगे त्यास फार सोयीचे. जाडसर दळलेली गव्हाची कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. पदर देऊन गोळे वळावयाचे. गोवऱ्यांची ज्वाळ विझून निखारा पडेपर्यंत धीर धरावा लागतो. घाई केली की वरून करपते व आत कच्चे राहते. फिरवून भाजावे, मग राखेत दडपून ठेवावे, फडक्याने पुसावे, हाताने फोडावे, वर तूप. सोबतीला तुरीचे वरण व वांग्याची भाजी. मळणारे, वळणारे, फिरविणारे, पुसणारे, फोडणारे असे पाच हात लागल्यावाचून एक रोडगा ताटात येत नाही. आपल्या वऱ्हाडात पुरुषही यास हात लावतात, तेव्हा बंधूंनी निमित्त सांगू नये.

कोणी मला खाजगीत विचारले की कणीक घरोघरची वेगळी मळावी काय. नाही. प्रत्येक घराने एक किलो पीठ आणावे. ज्याला जमत नसेल त्याने मूठभर आणावे. सर्व पीठ दारातल्या एकाच परातीत ओतले जाईल, आणि त्यातले कोणाचे कोणते हे नंतर मला विचारू नये. त्या आजी आता हयात नाहीत. त्यांची नात आपल्यात आहे, आणि पहिली परात मळण्याची विनंती मी तिला केली आहे. तिने विचार करून सांगते म्हटले आहे.

गोवऱ्या पहाटे चारला रचावयाच्या आहेत. ज्यांच्याकडे कोरडी सुती फडकी व पळसाच्या पत्रावळी असतील त्यांनी त्या आज रात्रीच मंडपात पोहोचत्या कराव्यात.