गावातलं थिएटर वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज मागे पंख्याची खडखड ऐकू येईल, तेवढी सांभाळून घ्या. मी घरी नाहीये. आमच्या थिएटरच्या बाल्कनीत, शेवटच्या रांगेत बसून बोलतेय. साडेबाराचा शो सुटलाय, पुढचा साडेपाचला. खाली झाडू मारणं चाललंय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे एका पडद्याचं जुनं थिएटर. आजोबांनी बांधलं, आता बाबा आणि काका दोघांच्या नावावर आहे. नाव सांगत नाही, कारण घरात अजून बोलणी चालू आहेत. काकांचं म्हणणं, विकून टाकू. चौकातली जागा, खाली गाळे, वर फ्लॅट. आणि काका काही व्हिलन नाहीत हं. वीजबिल थकलं तेव्हा किती वेळा त्यांनीच भरलंय. त्यांनी मला एक वर्ष दिलंय. येत्या गुढीपाडव्याला हिशोब मांडायचा, तोवर तुला काय करायचं ते कर.

तर मी काय काय केलं, कुठे आपटले आणि काय चाललं, ते आज सांगते.

सुरुवात आपटण्यापासून. पुण्यात शिकताना मी फिल्म क्लबात जायचे. आपल्याकडे ही चळवळ जुनी आहे. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते सत्यजित राय. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून आहे. मला वाटलं, आपणही दर मंगळवारी चांगला सिनेमा दाखवू. पोस्टर केलं, इन्स्टावर टाकलं, भरपूर लाइक आले. पहिल्या मंगळवारी माणसं आली सात. त्यातले तिघं घरचे.

बाबा काही बोलले नाहीत. आमचे ऑपरेटर, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणते, ते एवढंच म्हणाले, "तू सिनेमा निवडलास. माणसं कुठे निवडलीस?"

तेव्हा मला मराठा मंदिर आठवलं. मुंबई सेंट्रलच्या या थिएटरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ला लागला, हे तुम्हाला माहीत असेलच. फेब्रुवारी २०१५मध्ये, हजारावर आठवडे झाल्यानंतर थिएटरने तो उतरवायचं ठरवलं. लोक नाराज झाले आणि तो पुन्हा लावावा लागला. आपण म्हणतो, शाहरुखची जादू. आहेच. पण थिएटर कुठे आहे ते बघा. जवळ रेल्वे स्टेशन, शेजारी एसटीचा डेपो. गाडीला तीन तास आहेत, हातात बॅग आहे, तिकीट स्वस्त आहे. त्या शोला येणाऱ्यांत असे प्रवासीही असतात. म्हणजे आसपास काय चाललंय त्याच्याशी शो जुळला, की माणूस आत येतो.

मग मी पोस्टर बाजूला ठेवलं आणि चालत फिरले. आधी एसटी स्टँडवर. आमचा संध्याकाळचा शो सहाचा होता. सुटायला पावणेनऊ. आणि वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची गाडी सव्वाआठची! इतकी वर्षं आम्ही आसपासच्या पंधरा गावांना सिनेमाचं निमंत्रण देत होतो आणि घरी जायची सोय काढून घेत होतो. मी स्टँडवरच्या साहेबांना म्हटलं, गाडी अर्धा तास पुढे नेता येईल का? ते म्हणाले, "ताई, गाडी हलणार नाही. तुमचा सिनेमा हलवा." हलवला. साडेपाचचा शो तिथून आला. आणि सिनेमा मोठा असेल तर पाचचा.

दुसरी भेट बचत गटाच्या ताईंची. २०२३ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा राज्यभर बायका नटूनथटून, घोळक्याने थिएटरात गेल्या होत्या. आमच्याकडेही आल्या. मग नंतर कुठे गेल्या? मी ताईंना विचारलं, तुम्हाला कुठला सिनेमा लावू? त्या म्हणाल्या, "सिनेमा कुठलाही लाव गं. आधी बाथरूमला आतून कडी बसव. आणि मागच्या बोळात दिवा लाव."

मला खूप लाज वाटली. मी जगभरचा सिनेमा आणायला निघाले होते आणि कडी तुटलेली होती.

कडी बसवली, दिवा लावला. वेळ त्यांनीच ठरवली, साडेबारा. सकाळचं आवरून होतं आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं. बदल्यात मध्यंतराचा स्टॉल त्यांचा. भडंग, शेंगा, चहा. आम्ही स्टॉलचं भाडं घेत नाही, त्या महिन्यातून एका शोला माणसं गोळा करून आणतात. कागदावर काही लिहिलेलं नाही. पण दोघांनाही गरज आहे, म्हणून टिकलंय.

तिसरे आपले सार्वजनिक वाचनालयवाले. त्यांच्याबरोबर आम्ही पुस्तक आणि सिनेमा जोडीने करतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणि तिच्यावरचा सिनेमा, आनंद यादवांची 'नटरंग' आणि तिच्यावरचा सिनेमा. महिनाभर पुस्तक फिरतं, मग शो, मग अर्धा तास गप्पा. पुस्तक वाचलेली माणसं शेवट कसा बदलला यावर जे भांडतात ना, ते ऐकायला वेगळं तिकीट लावावं असं वाटतं!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुमच्यातले बरेच जण विचारतात की, पेन ड्राइव्हवरून लावायचा की सिनेमा, त्यात काय. तसं नाही चालत. ओटीटीवर दिसतो म्हणजे चार लोकांसमोर लावायचा हक्क मिळाला असं नसतं. ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी लागते, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. आणि थिएटरात आता रीळ येत नाही, सिनेमाची कुलूपबंद फाइल येते. तिची चावी वेगळी येते, ईमेलने. ती चावी फक्त आपल्याच मशीनला लागते आणि ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळेतच उघडते.

या चावीनेच माझी फजिती केली. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी सकाळी दहाचा शो ठरवला. पोरं रांगेत चालत आली, दीडशेच्या वर. बरीचशी पहिल्यांदाच थिएटरात येत होती. अंधार केला, मामांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर काहीच नाही. चावी दुपारी बारापासूनची होती. मी तारीख कळवली होती, वेळ कळवायची विसरले होते. चूक सगळी माझी. फोनवर फोन केले, काही उपयोग झाला नाही. दोन तास, दीडशे पोरं, आणि पांढरा पडदा.

गुरुजींनी गाणी सुरू केली. आणि मामा खाली आले, म्हणाले, दहा-दहा जण वर पाठवा. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये आमचं जुनं ३५ एमएमचं मशीन अजून आहे. मामांनी रिळाचा एक तुकडा पोरांच्या हातात दिला. उजेडात धरा म्हणाले. एका सेकंदाला अशी २४ चित्रं पळतात. एका फुटात १६ चित्रं. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. मग त्यांनी विचारलं, अडीच तासांचा सिनेमा किती लांब? पोरं बोटांवर मोजायला लागली. साडेतेरा हजार फूट. एक मुलगी म्हणाली, किलोमीटरमध्ये सांगा. चार किलोमीटरच्या वर! "म्हणजे आमच्या वाडीपर्यंत," ती म्हणाली. रोज शाळेला ती तेवढं चालत येते.

बाराला चावी लागली, सिनेमा झाला. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला तो केबिनसाठी. बाकीच्या वर्गांनाही दाखवाल का? आता महिन्यातला एक शनिवार सकाळी तेच असतं. मामा गेली काही वर्षं नुसतं बटण दाबत होते. त्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हे सगळं गोड गोड होईल. तिकिटाच्या पैशातून जीएसटी जातो, मग वितरकाचा वाटा, मग वीज, मग पगार. आधी आठवड्यातले कितीतरी शो माणसंच नाहीत म्हणून रद्द व्हायचे. आता ते कमी झालेत. वीजबिल थिएटरच्या पैशातून निघतं. पण खुर्च्या बदलायला पैसे नाहीत आणि पाऊस लागला की डाव्या कोपऱ्यात अजूनही बादली ठेवावी लागते. नफा म्हणाल तर नाही.

म्हणजे काकांचा हिशोब बरोबर आहे. गाळ्यांचं भाडं नेहमीच जास्त येणार. ते मी खोडू शकत नाही, आणि पाडव्याला खोडणारही नाही. मी फक्त एवढंच म्हणणार आहे की, गाळे गावात कुठेही, कधीही बांधता येतील. चारशे माणसं एकत्र अंधारात बसतील अशी खोली एकदा पाडली की ती परत कुणी बांधणार नाही. आणि आता ती विकायची म्हटली तर फक्त आम्हालाच विचारून भागणार नाही. बचत गटाला सांगावं लागेल, वाचनालयाला सांगावं लागेल, त्या शाळेला सांगावं लागेल. वर्षभरापूर्वी कुणालाच सांगावं लागलं नसतं. माझ्या वर्षाची कमाई म्हणाल तर ही.

परवा काका साडेबाराच्या शोला दारात उभे होते. आत आले नाहीत. बोळातला दिवा दिवसाही चालू होता, तो बंद करून गेले. त्यावरून काय समजायचं, मला माहीत नाही.

तुमच्या गावात, तुमच्या एरियात असं एखादं थिएटर उरलं असेल तर या आठवड्यात जाऊन या. लगेच महोत्सव वगैरे भरवू नका. आधी तीन गोष्टी बघा. शो सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का? बाथरूमला कडी आहे का? आणि शेजारी असं कोण आहे, ज्याला कधी कुणी आत बोलावलंच नाही? मग मॅनेजरशी बोला. बहुतेक तो रिकामाच बसलेला असतो आणि चहा नक्की पाजतो.

पाडव्यानंतर काय झालं ते सांगेनच, निकाल कुठलाही लागो. आता खाली जाते, साडेपाचची तिकीट खिडकी उघडायची आहे. भेटू!