हाड मोडण्याआधीची भेट



खुब्याचं हाड मोडलेली आजी आपल्याकडे येते तेव्हा आपण एक्स-रे बारकाईनं पाहतो. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहून घेतो, शस्त्रक्रिया लवकर व्हावी म्हणून धावपळ करतो. केसपेपरवर अपघाताबद्दल मात्र बहुधा एकच ओळ असते: घरी पाय घसरून पडल्या. कुठे पडल्या, किती वाजता, पायात काय होतं, याआधी कधी तोल गेला होता का, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. मला आज त्या ओळीविषयी बोलायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यांवरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. यांतले 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक धोका साठीपुढच्या माणसांना असतो. तरीही आपण म्हणतो, वय झालं, पडायचंच. हे मला मान्य नाही.

सोलापुरातली म्हातारी माणसं कशी पडतात, ते सोलापुरातच पाहायला हवं. या शहरानं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाचं पाणी भरलं आहे. पाणी यायची वेळ रात्रीची असो की पहाटेची, घर जागं होतं. उंबऱ्यावरून रबरी पाइप आत येतो, पिंपं भरतात, हंडे काठोकाठ होतात, शहाबादी फरशीवर पाणी सांडतं. वापरून गुळगुळीत झालेली ती फरशी ओली झाली की पायाला आधारच देत नाही. दिवा लावायचं राहून जातं आणि गडबडीत भरलेली कळशी उचलायला घरातली म्हातारीच पुढे होते. उजनीच्या समांतर जलवाहिनीची चर्चा आपण पाण्याचा प्रश्न म्हणून करतो. तो खुब्याच्या हाडांचाही प्रश्न आहे, हे महापालिकेला डॉक्टरांनी सांगायला हवं. नळाला रोज आणि दिवसाउजेडी पाणी आलं, तर घरातली निम्मी पिंपं निघून जातील आणि चालायला जागा मोकळी होईल.

आता पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांकडे या. मांडीवर सूप घेऊन, भिंतीला पाठ टेकून दिवसभर विड्या वळायच्या, आणि हे चाळीस-चाळीस वर्षं. त्यात गुडघे आखडतात, मांड्यांचा जोर जातो. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणं ही धोक्याची पहिली खूण आहे, पण ती बाई गुडघेदुखीची गोळी घेऊन परत जाते. तिच्या घरातला माणूस यंत्रमागावर राबलेला असतो. मागाच्या खडखडाटात कान गेले, एवढंच आपण म्हणतो. ऐकू कमी येणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण अधिक असतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून निवृत्त यंत्रमाग कामगाराचे कान तपासणं हे त्याची हाडं सांभाळण्याचंही काम आहे.

उन्हाळ्याबद्दल एवढंच सांगतो. पारा 42-43 अंशांवर असताना अनेक आजोबा मुद्दाम पाणी कमी पितात, कारण रात्री लघवीला उठायची भीती वाटते. त्यात रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी. पहाटे खाटेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या दवाखान्यात रक्तदाब बसवून मोजतात. तो आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजा. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला, तर आधी गोळ्यांची यादी तपासा.

हे सगळं आधी करता येतं याचा पुरावा जुना आहे. 1994 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी सत्तरीपुढच्या 301 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या मंडळींची औषधं तपासून बदलली, त्यांना घरी जाऊन व्यायाम शिकवला, घरातले अडथळे दूर केले. वर्षभरात त्या गटातले 35 टक्के लोक पडले. नेहमीच्या उपचारांबरोबर केवळ विचारपूस झालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण 47 टक्के होतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो इथे ऐंशीपुढच्या स्त्रियांसाठी पायाच्या ताकदीचे आणि तोलाचे घरगुती व्यायाम आखले गेले, त्यानंही पडणं कमी झालं. यात महागडं यंत्र कुठेच नाही. खुर्ची, भिंत, आणि शिकवणारा माणूस लागतो.

आपल्याकडे एक समजूत मोडावी लागेल. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. ‘मी वारी चालते, मी कशाला पडेन?’ असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येकाला भेटल्या असतील. त्यांच्या श्रद्धेला आणि दमाला माझा नमस्कार. पण सरळ चालण्यानं दम वाढतो. वळताना, एका पायावर भार घेताना, खाली बसून उठताना लागणारा तोल वेगळा कमवावा लागतो. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, हे रोज करायला हवं. आणि ते त्यांच्या भाषेत सांगायला हवं. पूर्व भागातल्या आजीला तेलुगूत, अक्कलकोटच्या आजोबांना कन्नडमध्ये. आपली पत्रकं फक्त मराठीत निघतात, ही मोठी उणीव आहे.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 2024 पासून 65 वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. त्यातून काठी येते, पण ती मापाची कोण करून देतं? हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दोन मिनिटांचं हे काम आपलं आहे.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 मध्ये विडी कामगारांना दहा हजार घरं मिळाली. तेव्हा चाळिशीत असलेली बाई आज साठीत आहे. पुढची वीस वर्षं ती त्याच घरात, त्याच मोरीत वावरणार आहे. म्हणून मी या परिषदेपुढे असा ठराव मांडतो: आपल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आणि आशाताईंनी मिळून पहिली घरभेट मोहीम कुंभारीत करावी. साठीपुढच्या प्रत्येकाला ‘वर्षभरात पडलात का?’ हे विचारावं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही चाचणी घ्यावी. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर व्यायाम लगेच सुरू करावेत. ज्या मोरीत धरायला काही नाही, तिथे भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवावा. त्याचा खर्च महापालिका, ग्रामपंचायत आणि आपल्या संघटना यांनी वाटून घ्यावा. दुपारच्या सत्रात यावर चर्चा ठेवली आहे. तिथे कामाची वाटणी करून, तारीख ठरवूनच आपण उठू या.