ह्यां हयसर कित्याक? कोडमधल्या बिनकामाच्या आकड्यांची गोष्ट

एसटीत असा, नायतर बंदरावर, आवाज थोडा वाढवा. आज थोडं कोडबद्दल बोलूया.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली किती खडक आहेत, हे मालवणात होडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी एका जुन्या सर्वे नकाशावरचे असे खडक फोनच्या नकाशावर आणत होतो. त्यासाठी सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. लिहिला म्हणजे काय, प्रोज या मुक्त लायब्ररीतली एक फाइल कॉपी करून सुरुवात केली.

खडक भलतीकडेच दिसायला लागले. फाइलीच्या डोक्यावर मीच कधीतरी टाकलेला एक आकडा होता: ६३७७२७६.३४५. ही १८३०च्या एव्हरेस्ट लंबगोलाची त्रिज्या, मीटरमध्ये. आपला फोन वापरतो त्या डब्ल्यूजीएस ८४ची ६३७८१३७. फरक सुमारे ८६१ मीटर! म्हटलं, चोर सापडला. आकडा बदलला. एकही खडक हलला नाही. परत बदलला. तरी तेच.

अख्खी संध्याकाळ गेल्यावर कळलं, तो आकडा कोणी वापरतच नव्हतं. खरी त्रिज्या दुसरीकडून येत होती. आणि खरी चूक तिसरीकडेच होती: जुन्या नकाशाचा डेटम बदलून घ्यायचा राहिला होता.

बिनकामाचा आकडा प्रोग्राम बिघडवत नाही, पण वाचणाऱ्याला फसवतो.

मग कंपायलर का ओरडला नाही? हॅश-डिफाइनने लिहिलेला आकडा कोणी वापरला नाही, तर जीसीसी नेहमीच्या 'वॉल' पर्यायावर गप्प बसतो. 'अनयूज्ड मॅक्रोज'ची सूचना वेगळी मागावी लागते. तीसुद्धा मुख्य फाइलीपुरती. हेडर फाइलीतलं आपणच शोधायचं.

म्हणून सरसकट डिलीट मारू नका हां! प्रोजमध्येच लंबगोलांची यादी आहे. त्यात एव्हरेस्टचे प्रकार अनेक: १८३०चा वेगळा, १९५६चा ६३७७३०१.२४३वाला वेगळा. कोडमध्ये शोधलंत तर वाटेल, हे कोणी वापरतच नाही. पण वापरणारा ते नावाने मागतो, प्रोग्राम चालू असताना. ती ओळ काढलीत तर जुना नकाशा वाचणाऱ्याचं काम तिथेच अडलं.

माझी पद्धत सांगतो. आधी सगळ्या फाइलींत नाव शोधा. मग गिटच्या इतिहासात बघा, हा आकडा आला कशासाठी. मग काढा, पण त्या कमिटमध्ये दुसरं काही नको. शेवटी आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून बघा. शेवटच्या दशांशापर्यंत तेच यायला हवेत. एक जरी बिंदू हलला, तर आकडा बिनकामाचा नव्हता.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे जाळी दुरुस्त करतात. कुजलेला धागा कापायच्या आधी तो कशाला बांधलाय ते बघतात. कोडलाही तोच प्रश्न विचारा: ह्यां हयसर कित्याक? उत्तर मिळालं तर शेजारी एक ओळ लिहून ठेवा. नाही मिळालं तर काढा.

चला, भेटू पुढच्या भागात. येवा!