संगणकीय कारभार आणि आपली तयारी
(ओझर येथील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



कारभार संगणकावर आला की खालचा सेवक पाय मागे ओढतो, असा एक समज वरिष्ठ कार्यालयांतून रूढ झालेला आहे. तो तपासून पाहण्यास आपला जुन्नर तालुका उत्तम होय. आर्वीचे ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र १९७२ साली राष्ट्रास अर्पण झाले. खोडदच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांचे क्षीण रेडिओसंदेश टिपीत असतात. आणि याच तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात मोबाईलला रेंज मिळावी म्हणून गुरुजींना टेकाड चढावे लागते! तथापि सारा दोष रेंजवर ढकलणेही न्यायाचे नव्हे. जेथे रेंज उत्तम आहे तेथेही नाखुशी आहेच.

मग तिचे मूळ कशात आहे? २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकामार्फत करण्याचे ठरले. अवघड क्षेत्र कोणते, संवर्ग कोणता, यावरून वाद झाले. काहींनी खोटी माहिती भरल्याच्या तक्रारीही झाल्या. परंतु एरव्ही संगणकाला हात न लावणारी मंडळीसुद्धा रात्री जागून गावांचे पसंतीक्रम भरीत बसली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बदलीसाठी पुढाऱ्यांच्या ओसरीवर ताटकळणे टळेल, ही आशा त्यामागे होती. त्याच सुमारास अन्य ऑनलाइन कामांवर बहिष्काराची भाषा चालली होती. माणसे तीच, यंत्रही तेच. फरक इतकाच की एका कामात शिक्षकाच्या पदरी काही पडत होते, आणि दुसऱ्यात त्याच्याकडून केवळ घेतले जात होते.

विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत भरली जाऊ लागली. आता ऊसतोडीच्या मुलांचे पाहा. विघ्नहर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात कोप्या पडतात आणि परजिल्ह्यातील मुले आपल्या शाळेच्या दारी येतात. मूल आपल्या वर्गात बसते, पण संगणकात त्याचे नाव गावच्या शाळेत असते. तेथील मुख्याध्यापकांनी नाव सोडले तर त्यांचा पट घटतो, आणि पटावर संचमान्यता, म्हणजे एखाद्या सहकाऱ्याचे पद अवलंबून असते. न सोडले तर मूल येथे असूनही नसल्यासारखेच. हंगामी मुलांना शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय आहे. ते हाती न घेताच आलेल्या मुलाच्या भाताचा हिशोब कोठे मांडावा? अशा वेळी दोन्ही शिक्षक नोंद करण्यास कचरतात. त्यास आळस म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट दुहेरी कामाची. हजेरीपटावर हजेरी, पुन्हा मोबाईलवर हजेरी. पोषण आहाराची नोंद वहीत, पुन्हा ॲपवर, आणि महिनाअखेर गोषवारा निराळाच. नवे आले पण जुने गेले नाही, तर नव्याविषयी प्रेम कसे उपजावे?

परंतु आपल्याकडील एक प्रघात मला मुळीच मान्य नाही. शाळेचा पासवर्ड बाजारातील एखाद्या संगणक केंद्रवाल्यास देऊन मोकळे होणे, ही आपली सुटका नव्हे. मुलाची जन्मतारीख वा आधारावरील नाव तेथे चुकले, की पुढे दाखल्यासाठी त्याच्या बापाची रोजी बुडते. त्या नोंदीवर सही आपली असते.

‘ऑनलाइन कामे बंद करा’ या मोघम मागणीस मोघम उत्तर मिळते. ‘अमुक ॲपवर रोज नोंद होते, सबब अमुक वही बंद करावी’ असे लिहिले, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीतरी म्हणावेच लागते. यास्तव पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एकच कागद आणावा : दोनदा भरावी लागणारी माहिती कोणती, तीस वेळ किती लागतो, आणि पट्ट्यावर नसलेली कोप्यांवरील मुले किती. केंद्रप्रमुखांनी ते कागद एकत्र करून गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावेत, आणि त्यांचे उत्तर आपणांस वाचून दाखवावे.