प्रत्येक मोहल्ल्यात एक बागमित्र
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मी राज्य शासनाच्या नोकरीतला, पदविका घेतलेला साधा माणूस. मंडळाने दहा मिनिटं दिली आहेत, ती गच्चीवरच्या कुंड्यांसाठी वापरतो.

बाप्पाचं लाडकं जास्वंद आपल्या बहुतेक घरी आहे. त्यावर कापसासारखी पांढरी कीड येते, ती मिलीबग. आपण दुकानात जातो, दुकानदार बाटली देतो, आपण फवारतो. शेजारच्या कुंडीतली मेथी मात्र दोन दिवसांनी नातवंडांच्या ताटात येते! वास्तविक सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचं पाणी आणि फार किडलेली फांदी छाटणं, एवढ्यावर बहुधा भागतं. या किडीतून गोड चिकटा झिरपतो, त्यासाठी मुंग्या तिला सांभाळतात. म्हणून मुंग्यांकडेही बघावं लागतं. पण हे वेळेवर सांगणार कोण?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल-टॅकोमा भागात हाच प्रश्न आला. घरच्या बागांविषयी इतक्या विचारणा येऊ लागल्या की कृषी विस्तार अधिकारी पुरे पडेनात. १९७२-७३ च्या सुमारास तिथल्या राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागाने तोडगा काढला. हौशी नागरिकांना आम्ही शिकवतो, त्यांनी बदल्यात ठरावीक तास लोकांना विनामूल्य सल्ला द्यावा. ‘मास्टर गार्डनर’ नावाची ही योजना पुढे त्या देशातल्या बहुतेक राज्यांत पोचली.

आपल्या इंदूरचा वारसा तर याहून जुना. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर, बेताचा ओलावा आणि अधूनमधून उलथापालथ. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये या पद्धतीवर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. आपल्या गावाचं नाव खतामुळे जगात गेलं, आणि आपण मात्र कुंडीसाठी खताची पिशवी विकत आणतो!

म्हणून माझी विनंती आहे. मंडळातून दहा जणांनी पुढे यावं. कृषी महाविद्यालयातल्या जाणकारांकडून रीतसर शिकावं आणि आपापल्या मोहल्ल्यात बागमित्र व्हावं. नियम तीनच. आधी दुखणं ओळखायचं, मग उपाय. विषारी औषध अगदी शेवटी. आणि माहीत नसेल तर अंदाजाने न सांगता ‘विचारून सांगतो’ म्हणायचं.

पहिलं काम समोरच आहे: या उत्सवाचं निर्माल्य. दोरे, प्लास्टिक, चमकी वेगळी काढू. फुलं-दूर्वांच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला आणि थोडं शेण, माती घालून थर लावू. आज भाद्रपद, मार्गशीर्षापर्यंत घरोघरी वाटण्याजोगं खत हाती येईल.

निवृत्त मंडळींकडे वेळ आहे, भगिनींकडे अनुभव आहे, मुलांकडे उत्साह आहे. नावं नोंदवायला वही कार्यालयाच्या टेबलावर ठेवली आहे. आरतीला जाण्यापूर्वी तेवढं नाव लिहून जा.

गणपती बाप्पा मोरया!