जळका पिस्टन

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. आज दाखवायची वस्तू लहान आहे.

ही बघा. हातोहात फिरवा. उपड्या पेल्यासारखी दिसते, पण पेला नव्हे. हा इंजिनातला पिस्टन. बाजूला या खाचा आहेत, त्यांत रिंगा बसतात. मधून आरपार भोक आहे, त्यात पिन जाते. आता वरचा काठ बघा. एका बाजूला मेणबत्ती वितळावी तसा वितळला आहे. बोट फिरवा, खरखरीत लागेल. आजचं आमचं बोलणं या काठाबद्दल आहे.

आमचं शिक्षण मॅट्रिक. इंजिनाचं शिक्षण आम्ही घेतलेलं नाही. एका मिस्त्रीजवळ बसून जे पाहिलं आणि त्याला विचारून विचारून जे समजलं, तेवढंच सांगतो.

२०११ सालचा मे महिना होता. आमच्या चुलत भावांची माल वाहायची लहान डिझेल गाडी होती. त्यांना सगळे दादा म्हणतात. पुण्याहून पेंडीची पोती भरून गाडी गावाकडे येत होती. ड्रायव्हरशेजारी आम्ही बसलो होतो. खंबाटकी घाट चढताना इंजिनात ठकठक आवाज सुरू झाला. मागे धूर निघाला. वळणावर गाडी बंद पडली. इंजिन जाम! पुन्हा फिरेचना.

ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याचा चेहरा उतरला. आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. तो बॉनेट उघडून काय बघत होता, तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. ही आमची चूक पुढे त्याला जड गेली.

दादा आले ते तापूनच. म्हणाले, "पाणी बघितलं नसशील. पाण्याशिवाय इंजिन पळवलंस."

पोरगा म्हणाला, "दादा, पाणी होतं. गुरुजींना विचारा."

आता आम्ही काय सांगणार? आम्ही पाणी पाहिलंच नव्हतं. खोटं बोलता येईना आणि खरं माहीत नव्हतं. दादांनी ठरवून टाकलं, दुरुस्तीचा खर्च पगारातून कापायचा. आणखी एक गोष्ट. आठ महिन्यांपूर्वी याच गाडीचं इंजिन असंच जाम झालं होतं. तेव्हा दुसरा ड्रायव्हर होता. पाणी घातलं नाही म्हणून दादांनी त्याला काढून टाकलं होतं.

गाडी ओढून तालुक्याच्या गावी नेली. मिस्त्री वयस्कर, बोलायला कमी. दादा म्हणाले, "नवीन पिस्टन टाका आणि गाडी द्या." मिस्त्री म्हणाला, "टाकतो. आधी जुने बघू द्या."

त्याने इंजिन खोललं. चार पिस्टन काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. एक, दोन, तीन, चार. पुसले मात्र नाहीत. आम्ही पुसायला फडकं उचललं, तर म्हणाला, "गुरुजी, राहू द्या. मळात पण कळतं."

तिसरा पिस्टन हाच. काठ वितळलेला, त्याच बाजूला अंगावर उभे ओरखडे, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. बाकीचे तीन धड होते.

मिस्त्री दादांना म्हणाला, "पाणी सगळ्या इंजिनात फिरतं. पाणी संपलं असतं तर एकट्या तिसऱ्यालाच कसं कळलं?"

याचा अर्थ आम्ही नंतर समजून घेतला, तो असा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. नुसतं अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. इंजिनातला जाळ त्याच्या कितीतरी पट गरम असतो. तरी पिस्टन वितळत का नाही? एक तर जाळ क्षणभरच असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर-खाली जातो, आणि त्यात जाळ २५ वेळा होतो. मधल्या वेळात पिस्टनची उष्णता रिंगांवाटे भोवतालच्या लायनरला जाते. लायनरमधून ती पाण्यात जाते. काही उष्णता ऑइल घेऊन जातं.

पाणी संपलं तर ही वाट बंद होते. पिस्टन फुगतो, लायनरला घासतो. पण तसे ओरखडे साधारणपणे एकाहून जास्त पिस्टनांवर, आणि चहूबाजूंनी उठतात. ऑइल संपलं तर पिस्टनची अंगं घासतातच, शिवाय बेरिंगही खराब होतात. मिस्त्रीने बेरिंग काढून दाखवले. चांगले होते. हवेच्या फिल्टरमधून धूळ गेली तर रिंगा झिजून पातळ होतात आणि पिस्टनवर बारीक उभ्या रेघा पडतात. तसंही काही नव्हतं.

मग एकट्या तिसऱ्याच्या वाट्याला वेगळं काय आलं? प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर एक नोझल असतं. ते डिझेलचा फवारा मारतं. मिस्त्रीने चारही नोझल काढले. एकेक हातपंपाला लावून दाबला. पहिल्याचं धुकं निघालं, पहाटे नदीवर असतं तसं. दुसऱ्याचं आणि चौथ्याचंही तसंच. तिसऱ्याची मात्र धार लागली आणि मागाहून थेंब गळू लागले. गॅरेजातल्या एका पोराने धारेखाली हात नेला, तर मिस्त्रीने फटकन मारला. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येते, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

रॉकेलचा स्टो बिघडला की भडका होऊन भांडं काळं पडतं, तसंच हे. धुकं झालेलं डिझेल हवेत मिसळून नीट जळतं. थेंब पडलेलं डिझेल उशिरा जळतं, पिस्टनच्या अंगावरच जळतं. सोनार फुंकणीने जाळ एका जागी धरतो तेव्हा सोनं पातळ होतं ना? तसा जाळ इथे रोज याच काठावर पडत होता. शिवाय ते कच्चं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं, म्हणून ओरखडे उठले.

मिस्त्रीने पोराला विचारलं, "सकाळी सुरू करताना धूर देत होती का?"

पोरगा म्हणाला, "महिनाभर देत होती. आवाजही होता. दादांना दोनदा सांगितलं."

दादा काही बोलले नाहीत. मग मिस्त्रीने विचारलं, "मागल्या वेळी कोणता पिस्टन गेला होता?" दादांनी आठवून आठवून सांगितलं, "तिसराच." तेव्हा दुसऱ्या गॅरेजात पिस्टन नवे पडले होते आणि जुने भंगारात गेले होते. नोझल कोणी बघितलंच नव्हतं. तेच गळकं नोझल नव्या पिस्टनच्या डोक्यावर पुन्हा बसवलं होतं. नव्या नोझलला जो खर्च आला, तो इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ होता.

तुमच्यापैकी कोणाच्या विहिरीवर डिझेल इंजिन असेल, कोणाची जीप असेल. काम काढलंत तर जुना माल समोर मांडून घ्या आणि कोणता कुठला ते खडूने लिहून ठेवा. आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र लगेच किल्ली फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो.

पोराचा पगार कापला गेला नाही. आधीच्या ड्रायव्हरकडे दादा स्वतः गेले, आम्हांलाही बरोबर नेलं. तो दुधाच्या टँकरवर लागला होता. परत यायला तो तयार झाला नाही. चहा मात्र पाजला, आणि निघताना त्याने विचारलं, "दादा, सकाळचा धूर मीही सांगितला होता, आठवतं का?"