भरल्या कणगीची साक्ष



आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्ष देण्याची पद्धत आहे. एकेक जण उभा राहतो आणि देवाने आपल्याला कसं सांभाळलं ते सांगतो. डब्यात पीठ नव्हतं, प्रार्थना केली, आणि संध्याकाळी कुणीतरी दाराशी पिशवी ठेवून गेलं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकतो आहे, आणि त्या खऱ्या आहेत. पण घरातली कणगी भरलेली होती तेव्हाही मी देवाच्याच भरवशावर होतो, असं सांगायला उभं राहिलेलं माणूस मला आजवर भेटलेलं नाही.

प्रेषित पौल मात्र तसा उभा राहतो. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती. तुरुंगातून तिची पोच देताना तो लिहितो की टंचाईत कसं राहायचं ते मी शिकलो, आणि विपुलतेत कसं राहायचं तेही. इथे त्याने वापरलेला एक ग्रीक शब्द गूढ पंथाची दीक्षा घेण्यासाठीचा आहे. उपास काढायला शिकावं लागतं, हे आपल्याला कळतं. पण पोटभर जेवायची कसली आलीय दीक्षा?

फिलिप्पैकरांना त्याचं म्हणणं लगेच कळलं असणार. त्यांच्याच गावात पौल लुदियेच्या घरी पाहुणा होता. ही बाई जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, म्हणजे घर खातंपितं. त्याच गावात त्याला फटके बसले, पाय खोड्यात अडकवले गेले, आणि मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला त्या अंधारकोठडीत स्तोत्रं गात होते. सुटका झाल्यावर पुन्हा लुदियेचंच घर. मऊ अंथरूण आणि खोडा, दोन्ही एकाच गावात.

याच पत्रातलं एक वचन आपण कॅलेंडरवर छापतो, परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातावर ठेवतो. ख्रिस्ताच्या बळावर मला सगळं शक्य आहे, असा त्याचा अर्थ. त्याच्या आधीच्या ओळी भूक आणि तृप्ती यांच्याबद्दल आहेत, त्या आपण बहुधा छापत नाही. असो.

आपल्याकडे ही दीक्षा पंडिता रमाबाईंनी घेतली होती, असं मला वाटतं. 1874च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे चारच वर्षांत, 1878 साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. मग इंग्लंड, अमेरिका, भरलेली सभागृहं. बोस्टनच्या मंडळाने त्यांच्या शारदा सदनाला, विधवा मुलींसाठीच्या शाळेला, दहा वर्षांची हमी दिली. ती मुदत संपत येत होती आणि नेमका तेव्हाच, 1896-97 साली, मोठा दुष्काळ पडला. कुणीही म्हटलं असतं, आधी आहे त्या मुलींची सोय बघू. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्या जेवणाची हमी कुणाचीच नव्हती. 1900च्या दुष्काळानंतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

पण भरवसा टाकला म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, फळझाडं लावली, छापखाना घातला. प्रार्थना आणि कुदळ, दोन्ही चालू. आणि पैसा आला तेव्हा तो साठवून निर्धास्त व्हायच्या ऐवजी त्यांनी पंगत वाढवली. मला त्यांच्या उपासमारीपेक्षा हे अवघड वाटतं. उपासमार माणसाला विचारून येत नाही. पंगत वाढवायची ती आपणच ठरवावी लागते.

आता घरचं सांगतो. आई रोज भाकरीसाठी पीठ काढताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची मूठ. महिनाअखेर तो डबा मंडळीतल्या एखाद्या अडलेल्या घरी जायचा. 1972च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती. आम्ही सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या पिठातूनही मूठ निघायची. लहानपणी मला तिचा राग यायचा, हेही सांगून टाकतो.

पुढे मला शिक्षकाची नोकरी लागली. घरात गव्हाची पोती आली. आई थकली, आणि एका रविवारी, शेवटच्या आजारपणात, मी तिला म्हटलं, "आई, त्या दुष्काळात तुझी मूठ एक दिवस चुकली नाही. तुझी साक्ष मी मंडळीत सांगू का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांग. पण पुरी सांग. दुष्काळात नाही इसरले रे. तुझी नोकरी लागली ना, त्या वर्साला लई येळा इसरले."